सीएनसी लेथवर माप टिकत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील लाइव्ह टूल सीएनसी लेथ मशीनमध्ये माप सरकणे व की-वे मध्यावर न येणे याबाबत.

महोदय,

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या वर्कशॉपमध्ये आपल्या कंपनीची लाइव्ह टूल (स्वतः फिरून ड्रिलिंग-मिलिंग करणारे टूल) असलेली सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, लेथ मशीन आहे. जिनिंगच्या शाफ्टचे टर्निंग, ड्रिलिंग आणि की-वे (चावी बसवण्याची खाच) ही सर्व कामे एकाच पकडीत व्हावीत, जॉब काढून दुसऱ्या मशीनवर बांधताना सेंटरमध्ये पडणारा फरक टळावा आणि वेळ वाचावा, एवढ्याचसाठी साध्या लेथपेक्षा बरीच जास्त किंमत मोजून आम्ही ती घेतली. यांपैकी एकही हेतू सध्या साध्य होत नाही.

शाफ्टवर बेअरिंग बसते त्या ५० मिमीच्या भागाला (बेअरिंग सीटला) के६ फिट लागते, म्हणजे व्यास ५०.००२ ते ५०.०१८ मिमी यांच्या आतच हवा. सकाळी जुळवलेले माप दुपारपर्यंत सुमारे ३० मायक्रॉनने (०.०३ मिमीने) सरकते. जॉब गरम असतानाच मोजला असावा, ही आपल्या इंजिनिअरांची शंका रास्त होती, कारण १५ अंशांनी तापलेला एवढ्या व्यासाचा पोलादी शाफ्ट ८-९ मायक्रॉन फुगतोच. म्हणून आम्ही जॉब आणि मायक्रोमीटर रात्रभर शेजारी ठेवून सकाळी पुन्हा मोजले, तरीही माप हद्दीबाहेरच निघाले. व्होल्टेजचेही कारण सांगण्यात आले, पण स्टॅबिलायझर आपल्याच सूचनेवरून बसवलेला आहे. आमच्या मते हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा भाग) व टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या एक्स अक्षाचा बॉलस्क्रू तापून टूलची जागा बदलते आणि कंट्रोलरमधील तापमान-भरपाई नीट भरलेली नाही. कापसाचा हंगाम संपल्यावर, ऐन उन्हाळ्यातच जिनिंगवाले दुरुस्तीची कामे काढतात आणि तेव्हा इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हे विक्रीच्या वेळीच आपल्या प्रतिनिधींना सांगितले होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. १४ मिमीचा की-वे शाफ्टच्या मध्यापासून ०.०८ मिमी बाजूला पडतो. या मशीनला टूल मध्याच्या बाजूला सरकवणारा वाय अक्ष नाही. त्यामुळे ऑफसेट (कंट्रोलरमध्ये भरलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) कितीही बदलला किंवा सी अक्ष, म्हणजे जॉब फिरवणारा स्पिंडल, कितीही कोनात फिरवला, तरी की-वे मध्यावर येणे शक्य नाही, त्यासाठी टूल धरणारा टरेटच स्पिंडलशी जुळवावा लागेल. असे असताना आपल्या इंजिनिअरांनी ऑफसेट बदलून सर्व्हिस रिपोर्टवर ‘काम पूर्ण’ असा शेरा मारला, याचे आश्चर्य वाटते.

परिणामी प्रत्येक जॉबवर शेवटचा कट राखून मशीन थांबवावी लागते, माप घेऊन मगच फिनिश करावे लागते आणि की-वेसाठी तोच शाफ्ट पुन्हा जुन्या मिलिंग मशीनवर चढवावा लागतो. जे टाळण्यासाठी कर्ज काढले, तेच रोज करतो आहोत.

तरी स्पिंडलमध्ये डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) लावून टरेट व लाइव्ह टूल होल्डर आमच्यासमोर जुळवावेत. आयएसओ २३०-३ नुसार तापमानाच्या परिणामाची चाचणी थंड मशीनपासून सुरू करून दुपारच्या उन्हापर्यंत आमच्याच शेडमध्ये घ्यावी आणि तिचे आकडे सहीनिशी द्यावेत. दोष दूर होईपर्यंतचा काळ वॉरंटीत धरू नये. केवळ ऑफसेट बदलून दिलेला रिपोर्ट यापुढे आम्ही स्वीकारणार नाही. येण्याची तारीख आधी कळवल्यास मशीन मोकळी ठेवू.

आपला,
वर्कशॉपचा मालक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

सोबत : मापांच्या नोंदी व सर्व्हिस रिपोर्टची प्रत