डाळिंबाच्या सालीची रीतसर चाचणी सोलापुरातच व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी घरात कुणालाही न सांगता कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. डाळिंबाची साल वाळवून, दळून अनशापोटी कोमट पाण्यातून घेतली की रक्तवाहिन्या साफ होतात, असा मजकूर कुणीतरी मोबाइलवर पाठवला होता. सांगोल्याला आमची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग, त्यामुळे सालीला काय तोटा! गच्चीत जुन्या चादरीवर साली वाळत असायच्या. आम्हाला वाटायचे, दंतमंजनासाठी असतील. तीन महिन्यांनी रक्त तपासले, तर गोळी चालू असताना ९६ असलेले एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, १७१ वर गेले होते. डॉक्टरांसमोर अण्णा खाली मान घालून बसले, ते पाहवले नाही.

तरीही साल म्हणजे थोतांड, असे म्हणायला माझे मन धजत नाही. २००४ साली कॅनडा व अमेरिकेतील संशोधकांनी संत्रावर्गीय फळांच्या सालीतले फ्लेव्होन्स नावाचे घटक हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या खाद्यात १ टक्का मिसळून दिले, तेव्हा त्यांचे घातक कोलेस्टेरॉल ३२ ते ४० टक्क्यांनी कमी झाले होते. पण ते हॅमस्टर होते, साल संत्र्याच्या जातीची होती आणि मात्रा मोजलेली होती. अण्णांची कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी तरी कुठून आली? १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एन्डो यांना पहिले स्टॅटिन बुरशीतच सापडले. पण म्हणून कुणी बुरशी खात बसले नाही. माणसांवर चाचण्या झाल्या आणि मग १९८७ साली लोव्हास्टॅटिन या स्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आणखी एक गोष्ट बागायतदाराच्या घरातला माणूस म्हणून सांगतो. बहार धरल्यापासून तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण, तांब्याची औषधे, फुलकिडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आणखी औषधे, अशा फवारण्या चालूच असतात. ते सगळे बसते सालीवर. दाणे खाणारा साल फेकून देतो. ती दळून रोज चमचाभर घेणाऱ्याच्या पोटात काय जाते, हे कोण तपासणार?

केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. या तिन्ही संस्थांनी एकत्र बसावे. आधी सालीतले फवारणीच्या औषधांचे अंश तपासावेत, अर्काची मात्रा ठरवावी. मग रुग्णांची गोळी चालूच ठेवून अर्ध्यांना अर्क आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी पुडी द्यावी. कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू नये आणि डॉक्टरांनाही. चाचणीची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आधीच करावी, म्हणजे निकाल उलटा आला तरी तो दडपला जाणार नाही. तोवर कुणीही आपल्या मनाने गोळी सोडू नये, ही हात जोडून विनंती.

अण्णांची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. सालीच्या पुडीचा डबा आईने उचलून ठेवला आहे. अशी चाचणी निघाली तर पहिले नाव माझे घाल, असे मात्र अण्णांनी मला बजावून ठेवले आहे.

– एक वाचक, जुळे सोलापूर