पासवर्ड विसरला म्हणून फॉरमॅट कशाला?

संपादक महोदय,

विंडोजचा पासवर्ड विसरला की दुकानात थेट फॉरमॅट सुचवला जातो. बहुतेकदा त्याची गरज नसते. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, तर मोबाइलवरून पासवर्ड बदलावा. मात्र नवा पासवर्ड टाकताना संगणक इंटरनेटला जोडलेला हवा, नाहीतर तो जुनाच मागत बसतो. इथेच निम्मे लोक अडतात. लोकल, म्हणजे फक्त त्या संगणकापुरते खाते असेल, तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकावा. खाली ‘रीसेट पासवर्ड’ दिसते आणि ३ सुरक्षा प्रश्नांची उत्तरे विचारली जातात.

प्रश्न कधी भरलेच नसतील, तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट आणि ‘रीसेट धिस पीसी’. यात ‘कीप माय फाइल्स’ निवडून उपयोग नाही, कारण जुने खाते पासवर्डसकट तसेच राहते. सगळेच पुसावे लागते. त्याआधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फोटो, कागदपत्रे काढून घ्यावीत. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर ती डिस्क उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मालकाच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, हे दुकानदार क्वचितच सांगतात! संगणक चालू असतानाच दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर (पूर्ण अधिकाराचे) खाते उघडून ठेवले, तर त्यातून लोकल खात्याचा पासवर्ड बदलता येतो आणि यातले काहीच करावे लागत नाही.

– एक संगणक दुरुस्तीकार, सांगली