नसांची गोळी आणि तिच्या शेजारची गोळी

इंदिरानगर, नाशिक
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तळपायांची आग रात्री इतकी वाढते की अंगावरची चादरसुद्धा पायाला सोसवत नाही, हे वाचून फार वाईट वाटले. पण त्याहून जास्त काळजी वाटली ती पत्राच्या शेवटी तू सहज लिहून टाकलेल्या चार ओळींची. मधुमेहाने दुखावलेल्या नसांसाठी डॉक्टरांनी रात्री प्रीगाबालिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी दिली आहे, आणि छाटणीच्या दिवसांत कंबर धरते म्हणून तू तिच्या जोडीला मेडिकलमधून आणलेली पेनकिलर सकाळ-संध्याकाळ घेतोस, शिवाय अंग मोडून आले की दिवसातून तीनदा पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी, आणि सर्दी झाल्यापासून सर्दीच्याही दोन गोळ्या. वर मला विचारतोस, "एवढ्याने काही होते का रे?" फोनवर मी काही सांगू लागलो की तू "हो, हो" म्हणतोस आणि बोलणे बागेकडे वळते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही. बँकेत व्हाउचरे तपासण्यात माझी हयात गेली. जे लिहितो आहे ते माझ्या डॉक्टरांनी मला वेळ देऊन समजावलेले आहे, आणि गेल्या वर्षी माझ्यावर जो प्रसंग आला त्यानंतर मी एकेका गोळीचे नाव विचारून लिहून ठेवलेले आहे.

पहिली गोष्ट, प्रीगाबालिन ही आपण ज्याला पेनकिलर म्हणतो तशी गोळीच नाही. तिची थोरली बहीण गाबापेंटिन. दोन्ही औषधे फिट्स येणाऱ्या रुग्णांनाही देतात. दुखावलेल्या नसा कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे निरोप धाडत राहतात, आणि ही गोळी नसांच्या टोकांशी असलेल्या कॅल्शियमच्या दारांवर बसून ते निरोप कमी करते. म्हणून ती दुखले तेव्हा घ्यायची नसते, रोज ठरल्या वेळी घ्यायची असते, आणि तिचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात. उलट ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या सुजेवर काम करतात. लचकलेल्या कमरेला त्यांचा उपयोग होतो. तळपायाच्या आगीला जवळजवळ होत नाही. तेव्हा हात डब्याकडे नेण्यापूर्वी आज कंबर दुखते आहे की पाय जळत आहेत, एवढे स्वतःला विचार. पाय जळत असतील तर पेनकिलरने आग विझणार नाही, त्या गोळीचा त्रास मात्र पुरेपूर सोसावा लागेल.

पॅरासिटामॉलचे प्रीगाबालिनशी भांडण नाही. कमरेसाठी काही घ्यावेच लागले तर सुरुवात त्यानेच करावी, असे मलाही सांगितलेले आहे. परंतु तू घेतोस किती, हे कधी मोजले आहेस का? तू पत्रात नाव लिहिलेस म्हणून मी चौकशी केली: तुझ्या त्या सकाळ-संध्याकाळच्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक १०० आणि त्याबरोबर पॅरासिटामॉल ३२५ आहे. म्हणजे दोन गोळ्यांचे ६५० झाले. ६५० च्या तीन गोळ्यांचे १९५०. सर्दीच्या दोन गोळ्यांत प्रत्येकी ५००, म्हणजे आणखी १०००. बेरीज ३६०० मिलिग्रॅम, आणि तुझ्या लेखी तू दिवसाला "एखाद-दोन" गोळ्याच घेतोस. निरोगी, धडधाकट माणसाला चोवीस तासांत ४००० ही शेवटची हद्द आहे. माझे वय आणि वजन पाहून माझ्या डॉक्टरांनी मला ३००० च्या आत राहायला सांगितले आहे. ही हद्द ओलांडली तर भार यकृतावर पडतो, आणि तो पडत असताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून पाकिटावरचे मोठ्या अक्षरांतले नाव सोड. खाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते नातवाकडून वाचून घे.

आता माझा प्रसंग. तुला तेव्हा मी नुसते "चक्कर आली होती" एवढेच कळवले होते. सायटिकामुळे मला रात्री हीच ७५ ची गोळी चालू होती. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी कमरेतून पायात अशी कळ उतरली की मी नेहमीच्या डॉक्टरांची वाट न पाहता दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तुम्हाला आणखी काय चालू आहे, हे तिथे मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. औषधाच्या दुकानात चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या. नावाचा भाग उरलेल्या पट्टीबरोबर दुकानातच राहिला आणि माझ्या तुकड्यावर किमतीचे अर्धे आकडे तेवढे आले. जेवणानंतर मी ती गोळी घेतली आणि तासाभराने माझी रात्रीची गोळीही घेतली.

पहाटे अडीचच्या सुमारास हिला जाग आली ती माझ्या घोरण्याच्या वेगळ्याच आवाजाने. हाका मारल्या, गदागदा हलवले, तरी मी डोळे उघडून पुन्हा मिटत होतो. मुलगा १०८ ला फोन करीत होता तेवढा वेळ ती माझ्या छातीवर हात ठेवून बसली होती. एका श्वासानंतर दुसरा यायला इतका वेळ लागत होता, की दर वेळी हा शेवटचाच असे तिला वाटत होते. हे तिने मला महिनाभर सांगितले नव्हते. दुपारपर्यंत मला ऑक्सिजनवर ठेवले. त्या गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ होते, हे मुलाने चिठ्ठी दाखवली तेव्हा तिथल्या डॉक्टरांकडून कळले.

ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचे वेदनाशामक आहे. आपल्याकडे २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ते मेंदूला गुंगी आणते आणि श्वासाची गती मंदावते. प्रीगाबालिनही गुंगी आणते. दोन्ही एकत्र आली की गुंगीवर गुंगी चढते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने डिसेंबर २०१९ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता, आणि वय झालेल्यांना, फुप्फुसांचा विकार असलेल्यांना धोका अधिक असल्याचे त्यात सांगितले होते. कधीकधी डॉक्टर ही दोन्ही औषधे जाणूनबुजून, कमी मात्रेत आणि लक्ष ठेवून देतात, ती गोष्ट निराळी. माझ्या बाबतीत एका डॉक्टरांना दुसऱ्यांची गोळी माहीतच नव्हती, आणि दोन्ही माहीत असलेला माणूस एकटा मीच होतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेची गोळी आणि दारू यांनाही हाच नियम लागू आहे. शनिवारी मंडळींबरोबर बसणे तुला आवडते, ते मला ठाऊक आहे. ही गोळी चालू आहे तोवर ते बंद ठेव, एवढे माझ्यासाठी कर.

तुझ्या बाबतीत मला ट्रॅमाडॉलपेक्षा भीती वाटते ती किडनीची. यकृत प्रीगाबालिनला फारसे हात लावत नाही. ती जवळजवळ जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली उतरली, तर डॉक्टर डोस साधारण निम्म्यावर आणतात, कारण एरवी ती अंगात साचत जाते. आता तू काय करतोस ते पाहा. तुला मधुमेह आहे. रक्तदाबासाठी तू टेल्मिसार्टन घेतोस, आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारे औषधही आहे. त्यावर तू रोज दोनदा ॲसिक्लोफेनॅक घालतोस, जे किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करते. ही तीन औषधे एकत्र आली की किडनी कोलमडू शकते, हे डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्यात ऑक्टोबरच्या उन्हात तू दिवसभर बागेत उभा आणि पाणी प्यायची आठवण वहिनींनी करायची! पायांवर सूज येते असेही तू लिहिले आहेस. प्रीगाबालिनने सूज येते, पेनकिलरने अंगात पाणी साठते, आणि किडनी थकली तरी सूजच येते. यातले कोणते कारण खरे, हे तुला किंवा मला पाहून कळणार नाही. त्याला किडनीचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते. ती तू मागच्या उन्हाळ्यानंतर केलेली नाहीस.

आणखी थोडे राहिले आहे, ते भराभर लिहितो. नसांच्या काही गोळ्यांत प्रीगाबालिनबरोबर नॉर्ट्रिप्टिलीन असते. त्याच्या जोडीला ट्रॅमाडॉल गेले तर गुंगीखेरीज फिट येण्याचाही धोका वाढतो, म्हणून तुझ्या गोळीत ते आहे का, ते पाहा. पुढे कधी डॉक्टरांनी गाबापेंटिन दिले, तर पित्ताचे पांढरे औषध घेतल्यावर निदान दोन तास थांबून ती गोळी घ्यावी लागते, नाहीतर ती अंगी कमी लागते. रात्री गोळी घेतल्यावर सकाळी डोके जड असेल तर ट्रॅक्टरवर बसू नकोस. आणि हे पत्र वाचून घाबरून प्रीगाबालिन एकदम बंद करू नकोस. ती सोडायची तर डॉक्टर आठवडाभरात किंवा त्याहून सावकाश उतरवत नेतात. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवीही लावू नकोस. भाजलेले तुला कळणार नाही.

येत्या मंगळवारी सकाळी नऊपर्यंत सीबीएस बसस्थानकावर उतर, मी तिथे उभा असेन. सध्याची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण. वहिनींच्या डब्यातले कापलेले तुकडेसुद्धा आण, आणि कमरेला लावायची ट्यूबही. माझ्या डॉक्टरांकडे तुझे नाव नोंदवून ठेवले आहे. ते टेबलावर सगळ्या पट्ट्या मांडायला लावतात आणि एकेक उचलून विचारतात. तपासणीचे रक्त तिथेच घेतील. तोवर ॲसिक्लोफेनॅकला हात लावू नकोस. कंबर फारच धरली तर ६५० ची एक गोळी घे, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर ठेव, आणि त्या दिवशी सर्दीची गोळी घेऊ नकोस. रात्री झोपेतून उठवूनही तू उठेनासा झालास, किंवा श्वास मंद वाटला, तर कोणाला विचारत न बसता १०८ ला फोन करायचा, हे वहिनींना आजच सांगून ठेव. हे पत्र त्यांनाही वाचायला दे.

दुपारचे जेवण आमच्याकडेच आहे. हिने तुझ्यासाठी बिनसाखरेचे काही करायचे ठरवले आहे.

तुझा,
माधव