सुध्यास, वावळाबद्दल

केळशी,
२२ एप्रिल

प्रिय सुध्या,

लंडनच्या बागेतल्या एल्मचा फोटो मिळाला. वर विचारतोस, 'असलं झाड आपल्याकडे कुठलं?' लेका, ज्याच्या टिकल्या (चपटी गोल फळं रे!) खिशात कोंबून वर्गभर उधळल्यास आणि अंगठे धरून उभा राहिलास, तो वावळ एल्मच्याच कुळातला! वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने तर त्याला एल्ममध्येच घातला होता. १८४८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लँचनने वेगळा काढून 'होलोप्टेलिया' केला. पुढचं नाव 'इंटिग्रिफोलिया', म्हणजे अखंड कडेच्या पानांचा. तुझ्या फोटोतलं पान करवतीसारखं दातेरी, आपल्या वावळाचं गुळगुळीत.

आता माझी फजिती ऐक. विहिरीच्या मागे हातभर उंचीचं रोप उगवलं होतं. पानाची कड चक्क दातेरी. वावळ शक्यच नाही, असं मी ठणकावून सांगितलं आणि उपटायला वाकलो. आई म्हणाली, "पान चुरगळून हुंग आधी." हुंगलं. तोच तो घाण उग्र वास! रोपावस्थेत वावळाची पानंही दातेरी असतात म्हणे. मोठेपणी कड सरळ होते. शास्त्रीय नाव पाठ करून मिरवणाऱ्याची आईने अशी जिरवली.

मोठं झाड मात्र लांबूनही ओळखू येतं. राखाडी साल, जुन्या खोडावर तिचे खवले सुटतात. थंडीत पानगळ झाली की उघड्या फांद्यांवर बारीक हिरवट-तांबूस फुलांचे झुबके येतात. पाकळ्या नाहीत, मिरवणं नाही, परागीभवनाचं काम वाऱ्यावर सोपवलेलं. मग फळं इतकी दाट लगडतात, की पालवी फुटायच्या आधीच झाड हिरवंगार दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, पानंच आली!

आत्ता एक टिकली तळहातावर घेऊन बसलोय. इंचभर व्यासाची, वाळून पिवळट तपकिरी. पापुद्र्यात शिरांची जाळी, टोकाला इवलीशी खाच, मधोमध एकच चपटं बी. लहानपणी पंख चोळून, फुंकर मारून आपण तेच खायचो. परवा पुन्हा खाल्लं. चव तीच, दात मात्र ते नाहीत.

गेला आठवडाभर खारा वारा सुटलाय. आई सकाळी ओटी झाडते, चहा होईपर्यंत ती पुन्हा टिकल्यांनी भरते. शिव्या मला बसतात. विहिरीमागचं रोप राखलंय. विहिरीला मुळं लागतील म्हणून पावसात परड्यात हलवणार आहे; खड्डा खणायला तू ये.

तुझा,
बाळ्या