टूथपेस्ट लावू नको

चि. अक्षय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्रीच बघितला पण मम्मी शेजारी बसली होती म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आता दुपार आहे, ऊन एवढं की सराफ बाजारात कुत्रं पण फिरकत नाही, गिऱ्हाईक तर लांबच, म्हणून निवांत टाईप करायलोय. टायपिंगच्या चुका समजून घे.

बापूमामाच्या सोन्याच्या रोलेक्स घड्याळाच्या पट्ट्याच्या सांध्यात काळं साठलंय, टूथपेस्टने घासू का म्हणालास. सोनाराच्या पोराने हे विचारावं! पण विचारलंस हे चांगलं केलंस. नको घासू. टूथपेस्ट नको, खायचा सोडा नको, लिंबू-चिंच नको आणि पितांबरी तर हातात पण घेऊ नको, ती देवाच्या भांड्यांना ठीक आहे. असल्या गोष्टींत एकतर खरखरीत पूड असते नाहीतर आंबट असतं, मळ निघतो पण पुडीने चकाकीवर बारीक रेघा पडतात आणि उन्हात धरलं की त्या सगळ्या दिसतात. पट्टा १८ कॅरेटचा आहे, म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग सोनं, बाकी चांदी-तांबं, क्लास्पच्या, म्हणजे पट्ट्याच्या खटक्याच्या, आत ७५० छाप असेल बघ. मम्मीच्या ९१६ च्या पाटल्यांपेक्षा कडक, पण शेवटी सोनंच ते, स्टीलसारखं दणकट नव्हे.

मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंस की घड्याळ ढिलं व्हायलं होतं म्हणून तिकडच्या दुकानात दोन कड्या काढून घेतल्या, आता परफेक्ट बसतंय. ते वाचलं मी. त्यावर आज काही बोलणार नाही, धुवायचं कसं तेवढं सांगतो.

पहिलं काम चावी. पूर्ण आत दाबून, फिरवून घट्ट बसलीय का बघ, ती आट्याची असते. तरीपण घड्याळ पाण्यात बुडवायचं नाही. नवीन असतं तर गोष्ट वेगळी, पण मामाच्या घड्याळाच्या आतल्या रबरी रिंगा वयाने कडक झाल्या असणार, त्यांचा भरवसा नाही. पुढच्या सर्व्हिसला त्या बदलून प्रेशर टेस्ट करून घे आणि केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, पट्टा धरणाऱ्या स्टीलच्या बारीक काड्या पण नव्या टाकायला सांग. काडी किरकोळ पैशाची असते पण ती तुटली की घड्याळ थेट फरशीवर. पट्टा घरी स्वतः काढायला जाऊ नको, हत्यार निसटलं की केसला कायमचा ओरखडा.

वाटीत कोमट पाणी घे, हाताला गरम लागलं म्हणजे जास्त झालं. फिल्टरचं घे, खारं पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात, आपल्या बोअरच्या पाण्याने पेल्यांचं काय होतं बघितलायस की. त्यात बेबी शॅम्पूचे दोन थेंब आणि लहान पोरांचा मऊ ब्रश. ब्रश भिजवायचा, घड्याळ नाही. बेसिनवर उभं राहून करू नको, निसटलं की संपलं. टेबलावर मम्मीने बॅगेत घातलेला चाटी गल्लीतला टॉवेल अंथर (तो अजून पिशवीतच असेल मला माहितीये) आणि एकेक कडी थोडी वाकवून आतल्या बाजूने हलक्या हाताने ब्रश फिरव, जी बाजू मनगटाला लागते तिथंच खरा मळ असतो, आणि क्लास्प उघडून त्याचे कोपरे. काळं पाणी निघेल, घाबरू नको, घाम, कातडी, साबण, धूळ आणि किंचित सोनं असं सगळं असतं त्यात. मग साध्या पाण्याचा ब्रश दोन-तीनदा, मऊ सुती कापडाने टिपून घे आणि पंख्याखाली ठेव. हेअर ड्रायर नको. आणि कुणी मशीनमध्ये टाकून देतो म्हणालं, ते अल्ट्रासोनिक, तर पट्टा सुटा केल्याशिवाय द्यायचं नाही, आतलं मशीन खराब होईल.

हे महिन्यातून एकदा केलं तरी पुरे, पण कर. घाम आणि धूळ सांध्यात बसली की त्याचा लगदा होतो आणि तू हात हलवशील तसा तो कडीला आतून घासत बसतो, बाहेरून काही दिसत नाही. वर्षं गेली की भोकं मोठी होतात आणि पट्टा लांबतो. घड्याळ कुशीवर आडवं धर आणि पट्टा किती खाली लोंबतो बघ, जेवढा लोंबेल तेवढा झिजलाय. रोलेक्सच्या जुन्या प्रेसिडेंट पट्ट्यांना (तुझा त्यातलाच) हाच रोग, मधल्या कड्या आतून पोकळ असायच्या. आता नव्यांत कंपनी कड्यांच्या आत सिरॅमिक बसवते ते याच झिजेसाठी.

ढिला पट्टा दिवसभर हातावर खालीवर सरकतो म्हणून अजून झिजतो, करंगळी जाईल एवढीच जागा हवी. म्हणजे कड्या काढल्यास ते पट्ट्याच्या बाजूने बरोबरच केलंस. पण अक्षय, पट्टा काय तीन-चार महिन्यांत दोन कड्या एवढा लांबत नाही. हात बारीक झालाय.

बोलणार नव्हतो. पण सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गड्ड्याला आला होतास तेव्हाच मी बघितलं होतं. संमती कट्ट्यासमोर, बाराबंदीत एवढा उठून दिसत होतास की मी मुद्दाम दोन पावलं मागं राहून बघत होतो, आणि "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं, तू अक्षता टाकायला हात वर केलास आणि घड्याळ मनगटावरून सरकत पार कोपराजवळ गेलं. तू दुसऱ्या हाताने खाली ओढलंस आणि परत अक्षता टाकल्यास. मम्मीचं लक्ष देवाकडे होतं, बरं झालं.

बापूमामाला मस्कतच्या शेठने निघताना हे हातात घातलं तेव्हा त्याचं मनगट केवढं होतं तुला आठवणार नाही. तिकडून आला आणि पहिल्या दिवशी आख्ख्या गल्लीने घड्याळ हाताळलं, वार अरबीत, तू त्यातला शुक्रवार तेवढा ओळखायचास आणि बाकी सहा दिवस उड्या मारत शुक्रवारची वाट बघायचास. हे डे-डेट मॉडेल १९५६ पासून निघतंय आणि फक्त सोन्यात नाहीतर प्लॅटिनममध्ये, पण मामाला त्याचं काही नाही, तो ते घालून शेंगाची चटणी कुटायला बसायचा. मग एका उन्हाळ्यात तो पण माझ्याकडे आला, म्हणाला भावजी दोन कड्या काढा, उन्हाने वाळलोय. मी याच बाकावर बसून काढल्या, चहा पाजला. उन्हाने कोण वाळतंय रे. पायाची जखम भरेना तेव्हा कुठं शुगर तपासली, पुढचं तुला माहितीये. आणि तू गड्ड्याला आलास तर रात्री तीन वेळा पाण्याच्या बाटलीला उठलास, मी जागाच होतो.

जाऊ दे. लेक्चर द्यायला बसलो नव्हतो, राग मानू नको. नाईट शिफ्ट, बाहेरचं जेवण, जिम, डाएट, काय काय कारणं असतात आजकाल, मला कळतंय. आपल्या घरातला हिंजवडीपर्यंत पोचलेला तू पहिला, तुला मी काय शिकवणार.

पॉलिशचं राहिलं. तिकडचा दुकानदार म्हणेल बफ मारून देतो, नव्यासारखं करतो. मारू द्यायचं नाही. पॉलिश म्हणजे वरचं सोनं काढणं, दुसरं काही नाही. आबांच्या वेळी दुकानातला केर कधी बाहेर टाकला नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा माठात साठवायचे, झारेकरी येऊन पैसे मोजून घेऊन जायचा. केराला पैसे कशाचे? आमच्या कानशीचं, ब्रशचं, पॉलिशचं सोनं त्यात असायचं. मी लहान असताना तो माती धुताना तासन्‌तास बघत बसायचो, पाटीत पाणी गोल फिरवत फिरवत शेवटी तळाला एक पिवळी रेघ राहायची. तुझ्या पट्ट्याचं सोनं कुणाच्या केरात जाऊ देऊ नको. बारीक ओरखडे असू देत, त्यातले निम्मे मामाचे आहेत. वारंवार बफ मारलं की कड्यांची धार गोल होते आणि जाणकार माणूस किंमत लगेच पाडतो. अर्थात विकायचं नाहीये.

सेंट, सनस्क्रीन आधी लावायचं, वाळू द्यायचं, मग घड्याळ. सोसायटीच्या पूलमध्ये घालून उतरू नको, क्लोरीन सोन्यातल्या तांब्या-चांदीला आणि क्लास्पच्या स्प्रिंगला खातं. ब्लीचने बाथरूम धुताना तर नाहीच (धुतोस का कधी?). रात्री काढलं की वेगळ्या मऊ कापडात, दुसऱ्या घड्याळाला चिकटून नको. ट्रेनमध्ये बाही खाली ठेव.

त्या दोन कड्या दुकानदाराकडून मागून घेतल्यास ना? नसतील तर आजच जा. सोन्याच्या आहेत, त्या गिऱ्हाईकाच्या असतात, आणि जुन्या पट्ट्याला तशी कडी परत मिळवायला जीव जातो. डबीत घालून ठेव किंवा येताना घेऊन ये, मी इथं तिजोरीत ठेवतो. वजन वाढलं की मीच बसवून देईन, त्याला कुणाला पैसे द्यायला नकोत.

आणि शनिवारी सुट्टी आहे तर सकाळी काही न खाता लॅबमध्ये जा, चहासुद्धा नको, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी दोन्ही करून घे. ती दुसरी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे आदल्या दिवशी गोड सोडून मला फसवता येणार नाही. ५.७ च्या खाली आली की परत हा विषय काढणार नाही, तू म्हणशील तिथं लिहून देतो. पैसे जीपेवर टाकलेत, परत पाठवू नको. रिपोर्ट आला की माझ्या नंबरवर टाक, फॅमिली ग्रुपवर नाही आणि मम्मीला तर नाहीच, मी बघून सांगेन तिला काय सांगायचं ते.

तुझे पप्पा