शंभर बस तीस मार्गांवर वाटू नका : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा, यांस
सप्रेम नमस्कार.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत सोलापूरला विजेवर चालणाऱ्या 100 बस मंजूर आहेत. आता प्रत्येक प्रभागातून ‘आमच्याकडेही एक सोडा’ असा आग्रह होणार, आणि कोणाचे मन मोडायचे नाही म्हणून तीस मार्गांवर तीन-तीन बस धावणार. तेवढे होऊ देऊ नका.

कुंभारीचे रे नगर घ्या. 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या 15,000 घरांचे लोकार्पण झाले. घरे कामगारांची, त्यांत विडी कामगार बायका पुष्कळ. तिथून एसटी स्टँडपर्यंतचा मार्ग 12 किलोमीटर धरा. ताशी 15 किलोमीटरने 48 मिनिटे, टोकाला 6 मिनिटे थांबा, येताना तेवढेच. म्हणजे एक फेरी 108 मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी तर 11 गाड्या लागतात. तीनच दिल्या तर 36 मिनिटांनी एक, आणि एक बिघडली की 54. विड्यांची बुट्टी घेऊन उन्हात तेवढा वेळ कोण थांबेल? शेअर रिक्षा समोर उभीच असते, आणि पोरगा कमावता झाला की हप्त्यावर दुचाकी येते. तो प्रवासी बसकडे परत येत नाही.

दुरुस्तीसाठी दहा गाड्या बाजूला ठेवल्या की उरतात 90, म्हणजे या हिशोबाने आठ मार्ग. रे नगर, जुळे सोलापूर, होटगी रोड, बाळे, हैदराबाद रोड आधी धरा. केंद्राच्या निकषात हजार लोकसंख्येमागे 0.6 बस ही चांगली सेवा. 2011 च्या 9,51,558 लोकसंख्येलाच सुमारे 570 बस लागतात. शंभरात सगळीकडे पोहोचल्याचा देखावा करता येईल, सेवा देता येणार नाही.

दुसरे, रस्ता. कोंडीमुळे वेग 15 वरून 12 वर आला की फेरी 132 मिनिटांची होते आणि त्याच सेवेला 11 ऐवजी 14 गाड्या लागतात. तीन कोऱ्या बस नुसत्या कोंडीने खाल्ल्या! थांबा चौकाच्या अलीकडे असला की प्रवासी चढेपर्यंत हिरवा दिवा जातो. तो चौक ओलांडून 40-50 मीटरवर हवा. फुटपाथ कापून बससाठी खाच करू नका. तिथे रिक्षा आणि हातगाड्या लागतात, बस भर रस्त्यातच उभी राहते. त्यापेक्षा थांब्यापुरता फुटपाथच रस्त्याकडे पुढे आणा. उड्डाणपुलांवर बैठका चालूच असतात. पुलावरून जाणाऱ्या बसला थांबा नसतो, एवढे कोणीतरी त्या बैठकीत बोलावे.

डेपोत वीज हा खरा कस आहे. 9 मीटरची वातानुकूलित बस किलोमीटरला साधारण एक युनिट खाते. रोज 200 किलोमीटर धावल्या तर शंभर बसना रात्रीत 20,000 युनिट लागतात. सहा तासांत भरायचे तर 3,300 किलोवॉटचा भार. एकाच फीडरवर (उपकेंद्रातून डेपोला वीज आणणाऱ्या वाहिनीवर) भिस्त ठेवली आणि रात्री तो बंद पडला, तर पहिल्या पाळीच्या गाड्या निघणारच नाहीत. दुसरा फीडर आजच मागा.

केंद्राच्या जुन्या जेएननुरम (जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान) योजनेतून आलेल्या बसच्या चॅसींना, म्हणजे खालच्या सांगाड्यांना, तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या, हे शहर विसरलेले नाही. या वेळी देखभाल ठेकेदाराकडे असेल, त्याला पैसे किलोमीटरवर मिळतील; केंद्र 12 मीटरच्या बसला किलोमीटरमागे 24 रुपये देते, 9 मीटरच्या बसला 22. तिकिटाचे उत्पन्न आणि हे मिळूनही तूट राहील, ती महापालिकेची. तिची रक्कम अंदाजपत्रकात वेगळ्या खात्यावर, वर्षाच्या सुरुवातीला ठेवायला लावा. ठेकेदाराचे बिल थकले की चालकांचा पगार थकतो आणि बस बंद पडते. क्रम ठरलेला असतो.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपणच आहात. पुढच्या बैठकीत आठ मार्ग, त्यांचे थांबे आणि दुसरा फीडर हे तीन विषय घ्यावेत.

आपले,
शहर बसची वाट पाहणारे सोलापूरकर