मेस्त्री, माडीच्या जमिनीसाठी तुमचे आभार

आदरणीय मेस्त्री,
सादर नमस्कार.

गुहागरच्या आमच्या घरची माडी पुरी होऊन महिना झाला. पैसे चुकते केले, पण मनातलं बोलायचं राहिलं. तुमचं बहुतेक काम आता व्हिनाइलच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या प्लॅस्टिकच्या शीटखाली झाकलं गेलंय, कुणाला दिसायचं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

गणपतीआधी शीट टाकून द्या, असा हट्ट मी धरला होता. तुम्ही तक्तपोशीवरून, म्हणजे माडीच्या लाकडी फळ्यांवरून, एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "ताई, आत्ता नको. व्हिनाइलमधून वारा जात नाही. पावसाची ओल खाली कोंडली की प्लाय फुगणार." तेव्हा मला राग आला होता.

दिवाळी झाल्यावर आलात. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे ओल सोसणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघूनच घ्यायला लावलात. मग प्लायचे ते तक्ते दोन दिवस माडीवरच मध्ये पट्ट्या घालून ठेवलेत, इथल्या हवेला सरावू देत म्हणून. तोवर जुन्या फळ्यांकडे वळलात. जिथे कुरकुर, तिथे फळी स्क्रूने तुळईला आवळायची. आजोबांच्या वेळेपासूनची ती कुरकुर गेली. आधी दुरुस्त न करता वर प्लाय ठोकला असता, तर ती तशीच राहिली असती.

१२ मिमीचा प्लाय बसवताना तुम्ही आईला समजावलंत ते मला फार आवडलं. चिऱ्याच्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसंच इथेही. दोन तक्त्यांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, भिंतीकडे त्याहून जास्त. कडेला दर ६ इंचांवर स्क्रू.

आणि ती संध्याकाळ! दिवे मालवून तुम्ही बॅटरी जमिनीवर आडवी ठेवलीत. दिवसा सपाट वाटणाऱ्या प्लायवर बारीक बारीक सावल्या पडल्या. तुम्ही गुडघ्यांवर बसून पत्र्याची पट्टी फिरवत होतात. कुठे टक्क वाजलं की तो स्क्रू आणखी आत. मग डोळे मिटून सांध्यांवरून तळहात फिरवलात. मी भिंतीची पुट्टी आणून ठेवली होती, ती तुम्ही बाजूला सारलीत. पायाखाली तिचा भुगा होतो म्हणालात, आणि जमिनीचंच फिलर आणायला लावलंत. ते सुकल्यावर पॉलिश पेपर, मग झाडू, मग ओलसर फडकं. एक खडा राहिला तरी तो वर्षभरात शीटवर उमटतो, हे तुमचं वाक्य आता मी सगळ्यांना सांगते.

आईचे गुडघे दुखतात, फळ्यांच्या फटीत तिची काठी अडकायची. माडीवर जायचं तिने सोडलंच होतं. परवा ती जिना चढून गेली आणि अनवाणी खिडकीपर्यंत चालत जाऊन बराच वेळ माडांकडे बघत उभी राहिली.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात येईल तेव्हा वहिनींना, मुलांना घेऊन या. पानं माडीवरच मांडू.

तुमची,
माडीवाल्या घरची ताई